वाळूच्या फिल्टरमध्ये पाणी चढेना : बेळगावातल्या शहापूरच्या टाकीच्या नोंदी

१२ एप्रिल २०२५

टाकी चार फूट बाय दीड बाय दीड. खाली खडी, वर सोडलेली जागा, हे वजा करता पाणी साधारण २२० लिटर. आत सहा ओरंडा जातीचे गोल्डफिश. मासे बाबांचे आहेत. माग बंद केल्यापासून सकाळचा चहा ते टाकीसमोरच घेतात. गोल्डफिश खातो भरपूर आणि घाणही तेवढीच करतो. दोन स्पंज फिल्टर चालू असूनही आठवड्याच्या शेवटी टेस्ट किटवर अमोनिया ०.५ पीपीएम दिसतो. एवढ्यानेही कल्ले चुरचुरतात, मासा कोपऱ्यात जाऊन थांबतो.

म्हणून वाळूचा रिअ‍ॅक्टर करायला घेतलाय. उभ्या भांड्यात बारीक वाळू, खालून पाणी वर, वाळू सतत तरंगत राहायची. प्रत्येक कणावर बॅक्टेरिया बसतात आणि अमोनिया खातात. जागा थोडी, काम मोठं. सगळं गणित पाण्याच्या वेगाचं आहे आणि तिथेच माणूस अडकतो, म्हणून रोज लिहून ठेवतोय. बेळगावात कुणी करायला घेतलं तर त्याचे दिवस वाचावेत.

आणलेलं सामान : आरओ फिल्टरचं १० इंची पारदर्शक हाउसिंग (म्हणजे झाकणाचं उभं भांडं), पाव इंची तोंडं आणि त्याची पांढरी नळी, ३२० रुपये. पाण्यात बुडवायचा पंप, डब्यावर १००० लिटर ताशी, १८ वॅट, दीड मीटर उंचीपर्यंत चढवणारा, ५५० रुपये.

१३ एप्रिल

वाळूसाठी उद्यमबागला गेलो. बेळगावात फौंड्र्या आहेत म्हणजे सिलिका वाळू आहेच. ओळखीच्या एका फौंड्रीत कोपऱ्यातल्या ढिगातून अर्धी पिशवी भरून दिली. घरी बादलीत ओतली तर पाणी काळं. सात वेळा धुतली, तरी काळंच. ती साच्यातून निघालेली वाळू होती, तिच्यात बेंटोनाइट ही चिकट माती आणि कोळशाची पूड मिसळलेली असते. टाकीत चमचाभरही गेली नाही हे नशीब.

संध्याकाळी परत गेलो. तिथले काका म्हणाले, "आधी सांगायचं नव्हतं काय, माशाला पायजे म्हणून? कोरी वाळू वेगळी असती की. नंबर कुठला देऊ?" फौंड्रीत वाळू एएफएस नंबरावर मागतात. नंबर जितका मोठा तितकी वाळू बारीक. मी ४५-५० घेतली, म्हणजे कण साधारण पाव ते अर्धा मिलिमीटर. पैसे घेतले नाहीत. मैद्याच्या चाळणीतून खाली पडलेलं पीठ टाकून दिलं, वरचं ठेवलं आणि विहिरीच्या पाण्यात धुतलं. चौदाव्या पाण्याला नितळ झालं.

१४ एप्रिल

हाउसिंग टाकीच्या वर, भिंतीच्या फळीवर बसवलं. पंप टाकीत, नळी वर, हाउसिंगमधून निघालेलं पाणी परत टाकीत पडतं. फळीवर ठेवण्याचं कारण एकच : झाकण गळलं तर पाणी टाकीत पडावं, घरभर नको.

झाकणावरच्या बाणाप्रमाणे नळ्या जोडल्या आणि तिथेच चुकलो. आरओमध्ये पाणी बाहेरच्या बाजूने आत येतं आणि मधल्या भोकातून जातं. मी मधल्या भोकाला तळापर्यंत अर्धा इंची सीपीव्हीसीची नळी लावली होती. पाणी वाळूवरून खाली उतरलं, मधल्या नळीतून वाळूसकट वर आलं आणि टाकीत बरसलं. मूठभर वाळू खडीत गेली.

रिअ‍ॅक्टरसाठी बाणाच्या उलट जोडायचं. मधल्या भोकातून पाणी तळाला न्यायचं, कडेच्या तोंडातून बाहेर काढायचं.

१५ एप्रिल

उलटं जोडलं. यावेळी टाकीत नाही, बादलीवर चाचणी. वाळू पाच इंच भरली. बाहेर पडणाऱ्या पाण्याखाली लिटरचं माप धरलं, ते भरायला ६२ सेकंद. धार बरी दिसत होती. वाळू मात्र फरशीसारखी घट्ट, एक कण हलेना.

दोन तास पंपावर संशय घेतला. उघडला, पुसला, परत लावला, काही फरक नाही. मग मेथिलिन ब्लूची बाटली आठवली. मासे पाळणाऱ्यांच्या घरात ती असतेच. पंपाच्या तोंडाशी दोन थेंब सोडले आणि बाबा नि मी दोघंही हाउसिंगजवळ डोळे लावून बसलो. निळी रेघ नळीतून चढली, झाकणापर्यंत आली आणि तळाला जायच्या ऐवजी झाकणाखालीच धुरासारखी पसरून थेट बाहेरच्या तोंडातून निघून गेली. वाळूच्या वरच्या थरापर्यंतसुद्धा निळं उतरलं नाही.

"खाली जायलंच नाही की रे पाणी," बाबा म्हणाले.

मधली नळी झाकणाच्या बोंडावर सैल बसली होती. सगळं पाणी त्या फटीतून पळत होतं. बाहेर पडणारी धार बघून मी पाणी वाळूतून येतंय असं धरून चाललो होतो. धार आणि वाळूतून जाणारं पाणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या दोन थेंबांनी दाखवलं. रंगाची चाचणी बादलीतच करावी आणि नंतर सगळं धुऊन घ्यावं. हा रंग बॅक्टेरियालाही मारतो.

१६ एप्रिल

टेफ्लॉन टेप गुंडाळून बघितली. दहा मिनिटं टिकली. उद्यमबागेत एका लेथवाल्याकडून नायलॉनचा बुश करून घेतला, एका बाजूने बोंडावर घट्ट, दुसऱ्या बाजूने नळी घट्ट. ६० रुपये, अर्धा तास. आता निळं थेट तळाला गेलं.

नळीचं टोक सपाट कापलं होतं, ते तळाला टेकून बसत होतं. हॅक्सॉने चार बाजूंनी खाचा मारल्या आणि तळात काचेच्या गोट्यांचा एक थर टाकला, म्हणजे पाणी एका जागी न फुटता पसरतं. तरी वाळू उठली ती फक्त नळीभोवती, आजूबाजूची तशीच बसलेली. माप : ७५ सेकंद.

१७ एप्रिल

वाळूच अडवते की दुसरं काही, हे कळायला वाळू पूर्ण काढली आणि रिकाम्या हाउसिंगवर माप घेतलं. ७० सेकंद! म्हणजे वाळूमुळे फक्त पाच सेकंद जात होते. गळा दाबला होता तो पाव इंची तोंडांनी आणि त्या बारीक नळीने. आतून ती जेमतेम चार मिलिमीटर असते. मोठा पंप आणला असता तरी त्यातून फारसं जास्त पाणी गेलं नसतं, आणि मी तर मोठ्या पंपाची चौकशी करून ठेवली होती.

नळी, वाळू, पंप यांत दोषी कोण हे ठरवायला एकेक काढून माप घेणं याहून चांगली वाट मला सापडली नाही. पाच दिवस गेले ते सगळं एकदम बदलत बसल्यामुळे.

१९ एप्रिल

अर्धा इंची तोंडांचं हाउसिंग, ५८० रुपये. जाड नळी चार मीटर, १६० रुपये. बुश यालाही बसला. जुनं हाउसिंग माळ्यावर.

रिकाम्यावर माप : ९ सेकंद. ताशी ४०० लिटर. डब्यावरच्या १००० चा आकडा पंप नुसता पाण्यात मोकळा चालतो तेव्हाचा. वर चढवलं, कोपर लावले की एवढंच उरतं.

वाळू भरून पूर्ण सोडलं. अर्ध्या मिनिटात वाळू झाकणाला लागली आणि धारेबरोबर बाहेर. बादली खाली होती म्हणून वाचली.

आता वेग आवरायचा. पंपाच्या पुढे कॉक लावला. पंपाच्या मागे, म्हणजे ओढणाऱ्या बाजूला, कधीच आवळू नये. पंप कोरडा ओढतो आणि खडखडतो. बाहेर पडणाऱ्या तोंडालाही लावला नाही, कारण मग दाब झाकणाच्या ओ-रिंगवर येतो. पण बॉल व्हॉल्व्ह बारीक फिरवता येत नाही. केसभर सरकला की वाळू बसते, केसभर उघडला की उडते.

२० एप्रिल

पंपानंतर टी (तीन तोंडांचा जोड) लावून एक फाटा थेट टाकीत सोडला आणि कॉक त्या फाट्यावर घेतला. टी आणि कॉक मिळून २१० रुपये. आता जास्तीचं पाणी फाट्याने निघून जातं आणि हाउसिंगकडे जाणारं पाणी हलक्या हाताने जुळवता येतं. फाट्यातून पडणारं पाणी टाकीत हवाही मिसळतं.

जुळवता जुळवता लिटरला २२ सेकंदांवर आलो. पाच इंच वाळू वर येऊन पावणेआठ इंचांवर स्थिर झाली. तिच्याकडे बघत राहावंसं वाटतं : खाली दाट, वर विरळ, आणि वरचा काठ पाण्यात रेघ ओढावी तसा साफ. झाकणाशी दोन इंच नितळ पाणी. हाउसिंगवर त्या काठाला मार्करने रेघ मारली आणि खाली '२२' लिहिलं.

कुणी उंच पाइपमध्ये करणार असेल त्याच्यासाठी : बसलेली वाळू जितकी उंच, जवळजवळ तेवढ्याच उंचीचा पाण्याचा दाब तिला उचलायला लागतो. एक फूट वाळूला साधारण एक फूट. आधी पंप जेवढा चढवतो त्यातून हे वजा करून बघावं.

दुपारी टाकीवर जोडला. स्पंज टाकीच्याच पाण्यात पिळून ते गढूळ पाणी हाउसिंगमध्ये ओतलं, म्हणजे बॅक्टेरियाला सुरुवात मिळते. स्पंज फिल्टर काढले नाहीत. वाळू नीट वसायला चार-सहा आठवडे लागतात.

२७ एप्रिल

संध्याकाळी वळीव. वारा सुटला आणि लाईट गेली. वीस मिनिटांनी आली. पंप घुरघुरला, पाणी नाही.

लाईट जाताच हाउसिंगमधलं पाणी आल्या वाटेने, मधल्या नळीतून खाली उतरलं आणि तळाची वाळू घेऊन पंपात गेलं. इम्पेलर, म्हणजे पंपातलं फिरणारं पातं, उघडला तर त्याच्या चुंबकाभोवती वाळूचा लेप. चुंबकावर चरे पडलेत. पंप वाचला पण आवाज बदलला.

नळकाम करणारा मुलगा गल्लीतल्या मंडळात चित्ररथाच्या तयारीला बसलेला, दोन दिवस येणार नाही म्हणाला. मीच दुकानातून अर्धा इंची पितळी एनआरव्ही (पाणी उलटं येऊ न देणारा व्हॉल्व्ह) आणला, १९० रुपये, आणि पंपाच्या पुढे बसवला.

२८ एप्रिल

फाटा न हलवता माप ४१ सेकंद. वाळू सहा इंचांवरच. एनआरव्हीत स्प्रिंग आहे, ती उघडी ठेवायलाच पंपाचा बराच जोर जातो. नळाला, मोटरला हे चालतं. एवढ्याशा पंपाला नाही. शिवाय पितळेत तांबं असतं आणि माशांच्या पाण्यात ते सतत बुडवून ठेवणं मला पटत नाही. काढला. दुकानदार परत घेईना.

पीव्हीसीचा झडपेचा एनआरव्ही आणला, २४० रुपये. आत नुसती झडप, स्प्रिंग नाही. तो उभ्या नळीत, पाणी वर जातं त्या दिशेने लावला. माप २४. फाटा थोडा आवळला, २२.

२ मे

झडपेवरही विसंबता येत नाही. लाईट काढून पाहिली : पहिल्या चार वेळा ठीक, पाचव्यांदा झडपेत वाळूचा कण अडकला आणि पाणी हळूहळू परतलं.

यावर तोडगा फुकटात निघाला. मधल्या नळीला, झाकणाखाली दीड इंचावर, म्हणजे वाळूच्या काठाच्या वर, तीन मिलिमीटरचं भोक पाडलं. लाईट गेली की परतणारं पाणी वाळूतून येण्यापेक्षा या सोप्या वाटेने, वरच्या नितळ पाण्यातून निघतं. पातळी भोकाखाली गेली की भोकातून हवा शिरते आणि ओढ तुटते. दहा वेळा लाईट काढली, दहाही वेळा पंपात एक कण नाही. चालू असताना भोकातून छोटी चिळकांडी उडते, तेवढं पाणी वाया जातं. माप हाउसिंगच्या बाहेर घेतलं तर २२ च भरतं, पण त्यातलं थोडं भोकातून वरच्या वर येतं. म्हणून आता सेकंदांपेक्षा रेघेवर जास्त भर. वाळू रेघेला आणण्यासाठी माप २० करावं लागलं.

नळीत हवा राहिल्यामुळे लाईट आल्यावर कधी पंप नुसता फिरतो आणि पाणी चढत नाही. बटण तीन-चार वेळा बंद-चालू केलं, पंप जरा तिरका केला की बुडबुडे निघून जातात.

१२ मे

आज ही नोंद लिहायला हात होत नव्हता.

काल रात्री अकराला लाईट गेली ती पहाटे सहाला आली. इन्व्हर्टर आहे, पण टाकीचा पॉइंट त्यावर नाही. सात तास वाळू बसून होती. तिच्यातले बॅक्टेरिया हलत्या पाण्यातला ऑक्सिजन घेतात. पाणी थांबलं की काही तासांत वाळूतला सगळा ऑक्सिजन संपतो आणि ते मरू लागतात. स्पंज फिल्टरची हवाही बंद, म्हणजे टाकीतही ऑक्सिजन कमी झालेला. लाईट आली, पंप आपोआप सुरू झाला आणि हाउसिंगमधलं ते कुजकं पाणी थेट टाकीत. मी साडेसहाला उठलो तेव्हा खोलीत कुबट वास होता आणि मासे वर येऊन हवा गिळत होते.

निम्मं पाणी बदललं, हवा लावली. अमोनिया १ पीपीएम. पाच मासे दुपारपर्यंत सावरले. सर्वांत थोरला, पांढरा, लाल टोपीचा, गेला. आठ वर्षांचा होता. बाबांनी त्याला परसात जास्वंदीखाली पुरला आणि दिवसभर टाकीकडे आले नाहीत.

पंपाचा वेग, नळीची जाडी, झडप, सगळं मी सेकंदांत मोजत बसलो आणि पाणी थांबल्यावर काय होईल हे धरलंच नाही.

१३ मे

इलेक्ट्रिशियनला बोलावून टाकीचा पॉइंट इन्व्हर्टरवर घेतला. २५० रुपये. १८ वॅटचा पंप इन्व्हर्टरला जड नाही, रात्रभर चालतो. हे पहिल्या दिवशी करायला हवं होतं.

आणि तरीही तासाभरापेक्षा जास्त बंद राहिला तर : आधी पंपाचं बटण बंद. बाहेर पडणारी नळी बादलीत. मग चालू करून चार-पाच लिटर बादलीत सोडायचे, वास बघायचा, नितळ झालं की नळी टाकीत. हे कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून बटणाशेजारी चिकटवलंय, कारण मी घरी नसेन तेव्हा आई-बाबांना करावं लागेल.

२८ मे

कॉकला कुणी हात लावला नाही आणि तरी वाळू रेघेच्या वर इंचभर. खडीवर पुन्हा वाळू दिसू लागलीय. आधी वाटलं पंपाचा जोर वाढला, पण माप २० च.

हे चांगलं लक्षण आहे. कणांवर बॅक्टेरियाचा थर चढला की कण जाड होतो पण त्या मानाने हलका होतो, म्हणून त्याच पाण्यात जास्त उंच तरंगतो. चिमटीत धरली तर वाळू बुळबुळीत लागते. वेग कमी केला नाही. तसं केलं तर तळातले जड, स्वच्छ कण बसतील. वरच्या थरातले दोन मोठे चमचे काढले आणि तेवढी कोरी वाळू टाकली. काठ रेघेच्या जवळ आला. अमोनिया ०.

१५ जून

वाळू रेघेच्या खाली दोन इंच. माप ३४ सेकंद.

आता क्रम ठरलेला आहे. आधी पंपाच्या तोंडाचा स्पंज : गच्च भरलेला, धुतला, २८ वर आलं. मग इम्पेलर : पांढरा खरखरीत थर. आमच्या विहिरीचं पाणी जड आहे, क्षार बसतात. व्हिनेगर आणि पाणी अर्धं-अर्धं करून त्यात तासभर ठेवला, जुन्या दातब्रशने घासला, स्वच्छ धुतला. २१. मग जाड नळी उन्हात धरून बघितली, आतला शेवाळाचा पापुद्रा ओढून काढला. २०. हाउसिंग उघडावंच लागलं नाही. वाळूला हात सर्वांत शेवटी.

वाळू कधी धुवावी लागलीच तर राकसकोप जलाशयातून येणाऱ्या नळाच्या पाण्यात नको, त्यातलं क्लोरीन चार आठवड्यांची मेहनत मिनिटात मारतं. बदललेल्या टाकीच्याच पाण्यात धुवावी.

२९ जून

आज हिशेब. सगळे मिळून २५६० रुपये. त्यातले ५१० पाण्यात : पाव इंची हाउसिंग आणि पितळी एनआरव्ही. पुन्हा करायला घेतलं तर २०५० मध्ये आणि एका रविवारात होईल. मला नीट पाणी चढवायला आठ दिवस लागले आणि नीट चालवायला महिना.

गेले चार आठवडे अमोनिया ०, नायट्राइट ०. अमोनियाचं शेवटी जे नायट्रेट होतं ते वाढतंच, त्यामुळे आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलणं सुटलेलं नाही. चरे पडलेला पंप अजून चालतोय, पण तसाच दुसरा आणून कपाटात ठेवायचा आहे, कारण तो बंद पडला तर दुकान उघडेपर्यंत वाट बघता येणार नाही.

बाहेर तीन दिवस झड लागली आहे. रात्रीतून दोनदा लाईट गेली, इन्व्हर्टरवर वाळू तरंगत राहिली. बाबा पुन्हा चहा घेऊन टाकीसमोर बसतात. आज सकाळी मी खोलीत येण्याआधीच त्यांनी माप धरलं होतं. "वीस भरायलंय," म्हणाले.